मराठी फॉन्ट आणि कळफलक बनवणाऱ्यांना खुले पत्र: तुमचे तक्ते जाहीर करा

प्रति,
मराठी फॉन्ट, कळफलक आणि डीटीपीची (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याची) सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सर्व कंपन्या आणि संस्था

प्रत माहितीसाठी: मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन, राज्य मराठी विकास संस्था

सप्रेम नमस्कार.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागातले छापखाने, डीटीपीची दुकाने, वकिलांच्या आणि दस्तलेखकांच्या खोल्या, काही साप्ताहिकांच्या कचेऱ्या यांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. तुम्ही नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर विकलेली मराठी सॉफ्टवेअर माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे आजही रोज चालतात. लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, खरेदीखते, दिवाळी अंक, गावोगावच्या पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळे त्यावरच निघते. माझी मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही आजवर विकलेल्या प्रत्येक मराठी फॉन्टचा अक्षरतक्ता (कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर आहे याची यादी) आणि प्रत्येक कळफलकाचा कळतक्ता (कोणत्या कळीवर कोणते अक्षर येते याची यादी) जाहीर करा, कोणालाही उतरवून घेता येईल असा. कारणे पुढे लिहितो. ती नीट समजावीत म्हणून रोज काय घडते ते तपशिलात सांगावे लागेल.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे पुष्कळांनी जुनी मशीन काढून नवी घेतली. नव्या मशीनवर विंडोज ११ येते आणि त्याची जुन्या पद्धतीची ३२ बिटांची आवृत्ती निघालेलीच नाही, ते ६४ बिटांचेच आहे. जुने सॉफ्टवेअर कसेबसे बसते. फॉन्ट बसतात. गेल्या वर्षीची फाईल उघडते आणि नीट दिसतेही. मालकाला वाटते, झाले काम. मग ऑपरेटर खुर्चीत बसतो, टाइप करू लागतो आणि दोन ओळींत थांबतो. 'भाषा' मधला ष येत नाही. 'प्रश्न' लिहिले की शेवटी कुठल्या तरी परक्या लिपीचे अक्षर उमटते. उजवा ऑल्ट दाबून येणारी जोडाक्षरे येणे बंद झालेले असते. अशा वेळी मला फोन येतो आणि फोनवरचे वाक्य बहुधा हेच असते: फॉन्ट खराब झालाय, परत टाकून द्या.

फॉन्टला काहीही झालेले नसते. जुन्या आठ बिटांच्या (म्हणजे जास्तीत जास्त २५६ घरांच्या) मराठी फॉन्टची रचना तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र ऑपरेटर आणि मालकही वाचतील, म्हणून लिहितो. खिळ्यांच्या केसमध्ये जसे प्रत्येक अक्षराचे घर ठरलेले असायचे, तशी या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांची घरे मराठी अक्षरांना दिलेली आहेत. कृतिदेव ०१० या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला, तर संगणकाच्या दृष्टीने तो ई, जे, के, मोठा बी, एच एवढाच मजकूर असतो. मराठी फक्त डोळ्यांना दिसते. म्हणून ऑपरेटरच्या बोटाखाली कोणते मराठी अक्षर येणार, हे शेवटी विंडोजमधल्या इंग्रजी कीबोर्डच्या सेटिंगवर ठरते. जुन्या मशीनवर ते सेटिंग वर्षानुवर्षे 'यूएस' होते आणि कोणी त्याला हात लावला नव्हता. नव्या मशीनवर ते तसे असेलच असे नाही.

काश्मीर, प्रश्न, विश्वास, श्लोक. हे चार शब्द मी माझ्याकडच्या मुलांना पाठ करायला सांगतो. रेमिंग्टन धाटणीच्या, म्हणजे जुन्या टंकयंत्राची मांडणी असलेल्या, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अर्धा श इंग्रजी एकेरी अवतरणाच्या कळीवर असतो. मशीनवर 'यूएस इंटरनॅशनल' कीबोर्ड निवडलेला असेल तर ती कळ दाबल्यावर लगेच काही उमटत नाही, ती पुढच्या अक्षराची वाट पाहते. पुढे म आला, म्हणजे ई ची कळ दाबली, की अवतरण आणि ई मिळून स्वरचिन्ह असलेले एकच युरोपीय अक्षर तयार होते. श् गेला, म गेला, दोघांच्या जागी तिसरेच काही आले. न साठी यू, व साठी ओ, ल साठी वाय, या सगळ्या कळींचे तेच होते. मात्र 'शब्द' आणि 'शाळा' बरोबर येतात, कारण त्यात अर्ध्या श नंतर के ची कळ येते आणि के शी ते अवतरण जोडले जात नाही. शाळा नीट आणि श्लोक बिघडलेला, असे दिसले की फॉन्ट परत टाकण्यात वेळ घालवू नये. सरळ कीबोर्ड बदलावा.

ष बिघडत असेल तर दुखणे वेगळे. ब्रिटिश कीबोर्डमध्ये दुहेरी अवतरण आणि ॲटचे चिन्ह यांची अदलाबदल झालेली आहे. दुहेरी अवतरणाच्या घरात अर्धा ष बसवलेला असतो. मशीन 'इंग्रजी (युनायटेड किंग्डम)' वर असेल तर नेहमीची कळ दाबून ॲटच्या घरातली आकृती येते आणि ष शिफ्ट-दोनवर जाऊन बसतो. शिफ्ट-तीनवर पौंडाचे चिन्ह येते. त्या घरात फॉन्ट बनवणाऱ्याने कोणते जोडाक्षर ठेवले आहे, ते तुमचे तुम्हालाच माहीत.

भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांवर 'इंग्रजी (भारत)' कीबोर्ड सर्रास आढळतो. वरवर पाहता तो यूएससारखाच आहे, म्हणून त्याच्यावर संशय जात नाही. पण त्यात उजवा ऑल्ट हा साधा ऑल्ट राहत नाही, तो कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखा वागतो. त्याच्यासोबत चार दाबला की रुपयाचे चिन्ह येते. ही सोय चांगली आहे. परंतु ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरने जोडाक्षरांसाठी किंवा मराठी-इंग्रजी अदलाबदलीसाठी उजवा ऑल्ट वापरला, त्याला ती कळ त्या रूपात मिळतच नाही.

उपाय फुकट आणि सोपा आहे. भाषांच्या यादीत 'इंग्रजी (युनायटेड स्टेट्स)' घ्यावी, तिच्यात फक्त 'यूएस' कीबोर्ड ठेवावा, बाकीचे कीबोर्ड काढून टाकावेत. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की भाषा बदलते. भरभर टाइप करताना ते नकळत होते, म्हणून कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करावा. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत) मराठीसाठी दुसरा कीबोर्ड ठेवायचाच असेल तर तिथेच 'प्रत्येक विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत' हा पर्याय आहे, तो चालू करावा, म्हणजे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रामच्या विंडोत यूएस आणि ब्राउझरमध्ये मराठी राहते. शेवटी 'रीजन'च्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' पानावरून हे सेटिंग स्वागतपडद्यावर आणि नव्या खात्यांना कॉपी करावे. नाहीतर दुसऱ्या खात्याने लॉगिन करणाऱ्याला जुनाच त्रास होतो.

त्याच पानावर आणखी एक चौकोन आहे आणि मला सर्वांत जास्त नुकसान त्याच्यामुळे झालेले दिसले आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून, युनिकोड न समजणाऱ्या प्रोग्रामांसाठी जगभरच्या भाषांकरिता यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) वापरा, असा 'बीटा' पर्याय आला. मराठी नीट दिसत नाही म्हटल्यावर कोणीतरी चांगल्या हेतूने तो चौकोन टिचकवतो. नावावरून तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण जुन्या मराठी फॉन्टने साधी अक्षरे १२७ च्या आतल्या घरांत ठेवलेली असतात आणि जागा पुरली नाही म्हणून बरीचशी जोडाक्षरे वरच्या घरांत. यूटीएफ-८ मध्ये १२७ पर्यंतचे सगळे जसेच्या तसे राहते, त्यावरच्या सुट्या बाइटांना अर्थ उरत नाही. त्यामुळे क, म, र, काना, वेलांटी ठीक दिसतात आणि जोडाक्षरांच्या जागी ठोकळे उभे राहतात. फाईल त्याच अवस्थेत सेव्ह झाली तर ते अक्षर पुढे परत मिळेलच असे नाही. एका छापखान्यात पूर्ण स्मरणिका या कारणाने पुन्हा टाइप करावी लागली. कृपया तुमच्या सॉफ्टवेअरच्या मदतपानावर एवढी एक ओळ तरी लिहा: हा चौकोन बंद ठेवा, सिस्टिम लोकेल (जुन्या प्रोग्रामांसाठीची भाषा) इंग्रजी ठेवा.

उलट दिशेचा घोळही इथलाच. ऑपरेटर युनिकोडमध्ये टाइप करतो, मजकूर जुन्या प्रोग्राममध्ये चिकटवतो आणि नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. जुने प्रोग्राम ज्या आठ बिटांच्या सिस्टिम कोडपेजवर (क्रमांक आणि अक्षर यांच्या तक्त्यावर) चालतात, तसा कोडपेज विंडोजमध्ये देवनागरीला कधी मिळालाच नाही. इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या मानकाला क्रमांक आहे, पण तो सिस्टिमचा कोडपेज म्हणून निवडता येत नाही. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही आणि आता कोणी ते शिकवणारही नाही.

तिसरा प्रकार सर्वांत किचकट आहे आणि तिथे माझे हात टेकतात. तुमच्यापैकी अनेकांच्या सॉफ्टवेअरमध्ये कळ विंडोजपर्यंत पोहोचण्याआधी मधेच अडवून तिचे मराठी करणारा छोटा प्रोग्राम असतो. तो ३२ बिटांचा आहे. ३२ बिटांचा असा तुकडा ६४ बिटांच्या प्रोग्राममध्ये शिरूच शकत नाही. २०१९ पासून ऑफिस आपोआप ६४ बिटांचेच बसते, म्हणून पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्राममध्ये मराठी येते आणि वर्डमध्ये येत नाही असा चमत्कारिक अनुभव येतो. ऑफिस काढून ३२ बिटांचे टाकले की बहुतेक वेळा सुटते. दुसरी गोष्ट, व्हिस्टापासून विंडोज साध्या हक्कांच्या प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटर हक्कांच्या प्रोग्रामकडे कळा पाठवू देत नाही. जुने डीटीपी सॉफ्टवेअर चालावे म्हणून कोणी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करतो, आणि मराठी कीबोर्ड साधाच चालू असतो. दोघांची पातळी सारखी ठेवली की मराठी परत येते. हे तुमच्या मदतकेंद्रातून कोणी सांगत नाही. अशाच एका मदतकेंद्राला मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की नवी आवृत्ती घ्या. नव्या आवृत्तीत आमच्या ऑपरेटरचा कळफलक आहे का, असे विचारल्यावर फोनवरच्या मुलीला ते माहीत नव्हते. दोष तिचा नाही. तिच्यासमोर तक्ता असता तर तिने पाहून सांगितले असते.

१६ बिटांचे जे काही शिल्लक आहे ते ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाही. डॉसचे असेल तर जुने डॉस प्रोग्राम चालवणारा डॉसबॉक्स, विंडोजचे असेल तर आभासी मशीनमध्ये (संगणकाच्या आत प्रोग्रामने उभा केलेल्या दुसऱ्या संगणकात) जुने विंडोज, आणि ते मशीन इंटरनेटपासून तोडलेले. डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये कीबोर्ड लेआउट 'ऑटो' असतो, तो स्पष्टपणे 'यूएस' लिहावा. आभासी मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवा कंट्रोल ही कळ व्हर्च्युअलबॉक्स स्वतःसाठी राखून ठेवतो. मराठी सॉफ्टवेअर तीच कळ वापरत असेल तर ती सेटिंगमधून दुसरीकडे न्यावी. आभासी मशीनमध्ये हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअरबरोबर मिळणारी, संगणकाला जोडायची किल्ली) ओळखले जाईल की नाही हे मात्र नशिबावर.

आता कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? युनिकोडवर या आणि सुटा.

मी युनिकोडच्याच बाजूचा आहे. जिथे जातो तिथे त्याचा आग्रह धरतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, विंडोज २००० पासून त्यात देवनागरी लिहिता येते, इनडिझाइन या पाने जुळवण्याच्या प्रोग्रामच्या सीएस६ आवृत्तीपासून देवनागरीची जुळणी नीट होते. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रासारखा फॉन्ट खुल्या परवान्यावर दिला. नवे काम जुन्या फॉन्टमध्ये सुरू करायला आज काहीच कारण नाही. परंतु दोन गोष्टी युनिकोडने आपोआप मिळत नाहीत. एक ऑपरेटरची बोटे, दुसरी जुन्या फायली. दोन्हींच्या वाटेवर तुमचा तक्ता आडवा आहे.

आधी बोटांचे बघू. माझ्या ओळखीचे बहुतेक चांगले ऑपरेटर टंकलेखनाच्या वर्गात शिकले, मराठी ३० आणि ४० च्या (मिनिटाला तितक्या शब्दांच्या) परीक्षा देऊन आले. टंकयंत्रे गेली, शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने त्यांचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले, पण कळांची ती मांडणी बोटांत राहिली. पन्नाशी ओलांडलेल्या, घर त्या वेगावर चालवणाऱ्या बाईला इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी शिका म्हणणे म्हणजे सहा महिने निम्म्या पगारावर काम करा म्हणणे. इनस्क्रिप्टची रचना शास्त्रशुद्ध आहे, १९९१ च्या इस्कीच्या मानकात ती आहे, नव्याने शिकणाऱ्याने तीच शिकावी असे माझे मत आहे. पण जिला येते आहे तिचे येणे वाया घालवायचा अधिकार आपल्याला नाही.

रेमिंग्टन मांडणीत युनिकोड टाइप करता येते, मात्र ते करून देणाराला थोडे कष्ट आहेत. टंकयंत्रावर वेलांटी आधी आणि अक्षर नंतर दाबतात, युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर साठवतात. 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी स् आणि थ दोघांना ओलांडून पुढे जायला हवी. रफार उलटा. 'मूर्ती' मध्ये बोटे म, उकार, त, वेलांटी आणि मग रफार असे जातात, आणि युनिकोडला र् हा त च्या आधी लागतो. ख हा अर्धा ख आणि काना असा दोन कळांत येतो. मायक्रोसॉफ्टचे कीबोर्ड लेआउट क्रिएटर मोफत आहे, पण त्यात मागचे अक्षर पाहून क्रम बदलण्याची सोय नाही. कीमन या कळफलक बनवण्याच्या प्रोग्राममध्ये ती आहे. कीमन आता खुले आणि मोफत आहे, त्यात असा कळफलक लिहिता येतो. मी स्वतः गिऱ्हाइकांसाठी तसे कळफलक लिहून देतो. अडचण येते ती मांडणीच्या तपशिलात. हिंदीत निदान 'रेमिंग्टन गेल' आणि 'रेमिंग्टन सीबीआय' अशी नावे तरी रूढ झाली आहेत. मराठीत प्रत्येक कंपनीने टंकयंत्राची मांडणी घेतली आणि ळ, ॲ, ऑ, ऱ्य, ज्ञ, अवतरणे, कंस आपापल्या सोयीने हलवले. एका कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक सापडतात. ऑपरेटरला विचारले तर सांगता येत नाही, कारण ते डोक्यात नसून बोटांत असते. मी शेजारी बसतो, ती टाइप करते, मी एकेक कळ लिहून घेतो. हाच तक्ता तुमच्या कपाटात छापील पडलेला आहे.

फायलींचे दुखणे याहून मोठे आहे आणि ते वेळेबरोबर वाढते आहे. सीडीवर, जुन्या हार्डडिस्कवर, पेनड्राइव्हवर पडलेली पंचवीस-तीस वर्षांची मराठी आहे ही. बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, गावांचे इतिहास, शाळांच्या शताब्दी स्मरणिका, संत-साहित्यावरची छोटी पुस्तके, ज्यांची दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. ती सगळी ई-जे-के च्या रूपात आहे. फॉन्ट हरवला की ती वाचता येत नाही, फॉन्ट असला तरी तिच्यात शोध घेता येत नाही. ती युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत, काही स्वयंसेवकांनी मोठ्या निष्ठेने लिहिलेले आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण फॉन्ट उघडून घरे मोजत अंदाजाने पुढे गेला आहे. अंदाज कुठे चुकतो ते मराठी वाचकाला लगेच दिसते. 'दुसऱ्या' चा 'दुसर्या' होतो, कारण परिवर्तक हिंदीच्या तक्त्यावरून बेतलेला असतो आणि हिंदीत तो अर्धचंद्रासारखा र नाही. 'तऱ्हा' ची 'तर्हा' होते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या परिवर्तकांनी अ आणि वरची चंद्रकोर असे दोन तुकडे टाकले, आणि आज 'ॲड' शोधला तर तो जुना मजकूर सापडत नाही, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असूनही. हजार पानांच्या मजकुरात अशी चूक हाताने शोधायची म्हणजे प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

तक्ता दिला तर चोरी वाढेल, असे तुमच्यापैकी कोणाला वाटू शकते. मला ते पटत नाही. तक्ता म्हणजे कोणत्या घरात कोणते अक्षर आहे याची यादी. अक्षरांची रेखाटने त्यात नसतात, ती तुमचीच राहतात आणि राहिली पाहिजेत. त्यांच्यामागे चांगल्या अक्षरकारांची मेहनत आहे. फॉन्ट ज्याच्याकडे आहे तो आजही साध्या फॉन्ट संपादकात ही घरे पाहू शकतो, त्यामुळे गुपित असे काही उरलेलेही नाही. उरला आहे तो फक्त तोच शोध प्रत्येकाने नव्याने घेण्याचा त्रास. जे फॉन्ट पाहून कळत नाही, ते तुम्हीच सांगू शकता: कोणत्या आवृत्तीत कोणते घर बदलले, एकाच जोडाक्षराची दोन रूपे का आहेत, तुमच्या स्वतःच्या फाइल प्रकारात मजकूर कसा साठवला आहे.

तुमच्या कामाबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. खिळे जुळवणाऱ्या हातांतून मराठी जेव्हा संगणकावर आली, तेव्हा विंडोजला देवनागरी माहीत नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या तंत्राचे काम तिथे वाढले, आणि खासगी कंपन्यांनी छापखान्यांच्या दारापर्यंत मराठी नेली. आठ बिटांच्या अडीचशे घरांत मराठीची जोडाक्षरे बसवणे सोपे नव्हते. ज्याने हे बसवले त्याच्याकडे त्याचा हिशेब कुठेतरी लिहिलेला असणारच. माझी भीती एवढीच आहे की तो हिशेब लिहिणारी माणसे निवृत्त होत आहेत, काही कंपन्या बंद झाल्या, काहींचे सॉफ्टवेअर दुसऱ्याने विकत घेतले, आणि उद्या कोणी विचारले तर सांगायला कोणी नसेल.

तक्त्यांबरोबर आणखी एक विनंती. ज्या आवृत्तीची विक्री आणि सेवा तुम्ही थांबवली आहे, तिच्यासाठी हार्डवेअर लॉकशिवाय चालणारी प्रत जुन्या ग्राहकाला द्या. पावती मागा, लॉकचा क्रमांक मागा, प्रतिज्ञापत्र मागा. पण लॉक जळाले म्हणून एखाद्याला स्वतःचीच वीस वर्षांपूर्वीची फाईल उघडता येऊ नये, हे बरोबर नाही. नवी आवृत्ती घ्यायची ऐपत ज्याची आहे, तो ज्याने जुन्या फायली वाचवून दिल्या त्याच्याकडूनच घेईल, हे मी माझ्या गिऱ्हाइकांच्या स्वभावावरून खात्रीने सांगतो.

शासनाच्या मराठी भाषा विभागाला आणि राज्य मराठी विकास संस्थेला या पत्राची प्रत मुद्दाम देतो आहे. भारत सरकारने २००५ मध्ये तमिळ आणि हिंदीपासून सुरुवात करून भारतीय भाषांचे फॉन्ट आणि साधने सीडीवर मोफत वाटली होती, म्हणजे सार्वजनिक पैशाने असे काम करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. शासकीय कार्यालयांनी ही सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे विकत घेतली. त्यांच्या खरेदीच्या कागदांत मांडणीचे तपशील असतील, पुस्तिका असतील, त्या बाहेर काढता येतील. पुढच्या प्रत्येक खरेदीत एक अट घालता येईल: कळतक्ता आणि अक्षरतक्ता खुला असल्याशिवाय मराठी सॉफ्टवेअर घेतले जाणार नाही. आणि जमा झालेले तक्ते ठेवायला एक कायमची जागा हवी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानिमित्ताने जुन्या ग्रंथांच्या जतनाची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. १९९५ ते २०१० या काळात टाइप झालेली मराठी त्या चर्चेत कुठेच नाही. ताडपत्रापेक्षा ती लवकर नाहीशी होईल, कारण सीडीचे आयुष्य थोडे आहे.

तक्ता कसा द्यावा याचीही अडचण नको. साधी मजकूर फाईल पुरे. एका ओळीत घराचा क्रमांक, त्यापुढे युनिकोडमधले अक्षर किंवा अक्षरांचा क्रम, त्यापुढे आवृत्ती. कळफलकासाठी कळ, शिफ्टसह कळ, उजव्या ऑल्टसह कळ. छापील पुस्तिकाच उरली असेल तर तिच्या पानांचे फोटो द्या, टाइप आम्ही करून घेऊ. माझ्याकडे ऑपरेटरांच्या शेजारी बसून लिहून घेतलेले जे तक्ते आहेत, ते मी कोणत्याही मोबदल्याशिवाय द्यायला तयार आहे. ते तुमच्या मूळ तक्त्याशी ताडून चुका सांगितल्यात तरी मोठे काम होईल. सुरुवात कोणत्या फॉन्टपासून करावी असे विचाराल, तर ज्याची विक्री तुम्ही सर्वांत आधी बंद केली त्याच्यापासून करा, कारण त्याच्या फायली उघडू शकणारी मशीन सर्वांत वेगाने भंगारात चालली आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
छापखान्यांचे संगणक सांभाळणारा एक तंत्रज्ञ